चिकणमातीच्या नॅनोनळ्यांतून औषध: आधी जागा ठरवा, मग नळी भरा

प्रश्न थोडक्यात असा: पदव्युत्तर प्रबंधासाठी हॅलॉयसाइट या चिकणमातीच्या नॅनोनळ्यांमध्ये डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध भरायचे, नळीच्या बाहेरच्या अंगाला फोलेट (कर्करोगाच्या पेशींना चिकटावे म्हणून वापरले जाणारे जीवनसत्त्व) जोडायचे आणि शिरेतून दिल्यावर औषध थेट कर्करोगाच्या गाठीत उतरते असे दाखवायचे. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

नळीवर औषध चढवणे जमेल. फोलेट जोडणेही जमेल. पेशींवरच्या प्रयोगात आलेखही चांगले येतील. शिरेतून गाठीपर्यंतचा प्रवास मात्र या नळीला झेपणारा नाही, त्यामुळे प्रबंधाची सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. हॅलॉयसाइट हे औषध साठवून हळूहळू सोडणारे उत्तम कोठार आहे. ते कोठार शरीरातल्या योग्य जागी आपण नेऊन ठेवायचे असते, रक्तात सोडून दिले की ते स्वतः पत्ता शोधत जात नाही. इतकी वर्षे या मातीबरोबर काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की या क्षेत्रातले निम्मे कष्ट चुकीच्या जागेमागे वाया जातात, आणि त्याचे वाईट वाटते, कारण योग्य जागी ही माती खरोखर कामाची आहे.

आधी पदार्थ समजून घ्या. हॅलॉयसाइट केओलिन, म्हणजे चिनीमातीच्या, कुळातली. १८२६ साली पिएर बेर्तिए यांनी तिचे वर्णन केले आणि बेल्जियन भूशास्त्रज्ञ ओमालियस दालुआ यांचे नाव तिला दिले. रासायनिक घडण केओलिनाइटचीच आहे: सिलिकाचा एक थर आणि त्याला जोडलेला ॲल्युमिनाचा एक थर. या दोन थरांची मापे तंतोतंत जुळत नाहीत. पदरांच्या मध्ये पाणी शिरले की त्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि पत्रा चटई गुंडाळावी तसा वळतो. सिलिका बाहेर राहते, ॲल्युमिना आत. नळीचा आकार १९५० साली थॉमस बेट्स आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडला. बाहेरचा व्यास साधारण ५० ते ७० नॅनोमीटर, आतली पोकळी १० ते २० नॅनोमीटर आणि लांबी अर्ध्या मायक्रोमीटरपासून दीड मायक्रोमीटरपर्यंत. न्यूझीलंडचा उत्तर भाग, यूटामधली ड्रॅगन खाण, तुर्कस्तान, चीन, पोलंड अशा ठिकाणी तिचे साठे आहेत. खाणीगणिक लांबी, शुद्धता आणि लोहाचे प्रमाण बदलते, म्हणून एका खाणीच्या मालावर मिळालेले आकडे दुसऱ्या खाणीच्या मालाला लावू नका.

औषधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विद्युतभार. बाहेरची सिलिका शरीराच्या पीएचला ऋणभारित असते. आतली ॲल्युमिना साधारण ८.५ पीएचपर्यंत धनभारित असते. म्हणजे एकाच नळीला दोन स्वभाव आहेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, सॅलिसिलेट यांसारखी ऋणभारित औषधे आत ओढली जातात. धनभारित औषधे बाहेरच्या अंगाला चिकटून बसतात. तुमचे डॉक्सोरुबिसिन ७.४ पीएचला धनभारित असते. त्यामुळे ते बहुतांशी नळीच्या बाहेर बसेल, आणि बाहेर बसलेल्या औषधाला पोकळीचे संरक्षण मिळत नाही. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर नळीच्या पोटात औषधाचे लाल ठिपके दाखवणारे चित्र काढण्याआधी एवढा विचार व्हायला हवा.

या नळीचा औषधासाठी वापर करण्याची कल्पना रोनाल्ड प्राइस, ब्रूस गेबर आणि युरी ल्वोव यांच्या २००१ सालच्या शोधनिबंधाने रुजवली. त्यांनी टेट्रासायक्लिन, खेलिन आणि एनएडी हे तीन वेगवेगळ्या स्वभावांचे रेणू भरून ते हळूहळू सुटतात हे दाखवले. भरण्याची पद्धत आजही जवळपास तीच आहे. औषधाचे संपृक्त द्रावण करायचे, त्यात कोरडी पूड ढवळायची, भांडे व्हॅक्यूमखाली ठेवायचे. पोकळीतली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की हवा परत आत सोडायची, म्हणजे द्रावण पोकळीत शिरते. हे दोनतीनदा करायचे, सेंट्रिफ्यूज करायचे, धुवायचे, वाळवायचे.

आता एक हिशेब मांडतो. तो स्वतः एकदा कागदावर करून बघा, कारण त्याने पुढचे बरेच गैरसमज टळतात. बाहेरचा व्यास ५० आणि आतला १५ नॅनोमीटर धरला तर पोकळीचा वाटा एकूण आकारमानाच्या ९ टक्के येतो. मातीची घनता साधारण २.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे एक ग्रॅम नळ्यांच्या भिंती ०.४ घन सेंटिमीटर जागा घेतात आणि त्यांच्या पोटात जेमतेम ०.०४ घन सेंटिमीटर पोकळी उरते. ती घन औषधाने काठोकाठ भरली तरी औषधाच्या १.३ घनतेने ५० मिलिग्रॅम झाले, म्हणजे सुमारे ५ टक्के. पोकळी २० नॅनोमीटरची असेल तर ९ टक्क्यांच्या आसपास. आणि भरताना आपण घन औषध ओतत नाही, द्रावण ओततो. द्रावण मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमचे असेल तर एका फेरीत पोकळीत दोनच मिलिग्रॅम जाते. बाकीचे भरण वाळताना द्रावण आटण्यातून आणि आतल्या भिंतीला औषध चिकटण्यातून येते. म्हणून द्रावक लवकर उडणारा निवडतात आणि फेऱ्यांच्या मधे नीट वाळवतात. कुणी साध्या हॅलॉयसाइटवर ३० टक्के लोडिंग (औषधाचे भरण) सांगत असेल तर त्यातले बहुतेक औषध बाहेरच्या अंगावर किंवा नळ्यांच्या मधे स्फटिक होऊन बसलेले असते. धुण्याची एक फेरी वाढवली की तो आकडा झपाट्याने उतरतो.

पोकळी मोठी करता येते. गरम सल्फ्युरिक आम्ल आतली ॲल्युमिना विरघळवते, बाहेरची सिलिका टिकते आणि पोकळीचा व्यास वाढतो. लोडिंग दुप्पट-तिप्पट होते. पण ज्या ॲल्युमिनामुळे ऋणभारित औषध आत ओढले जात होते तीच आपण कमी करतो, आणि आम्लाचे प्रमाण वा वेळ थोडी चुकली की भिंतीला भोके पडतात. औषध भिंतीतूनच गळू लागते. मी हा मार्ग शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

लोडिंग मोजताना दोन पद्धती एकमेकींशी ताडून बघा. पहिली, वरच्या द्रवात आणि प्रत्येक धुण्यात किती औषध उरले ते यूव्ही (अतिनील प्रकाशाचे शोषण) किंवा एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) यांनी मोजणे. दुसरी, टीजीए, म्हणजे तापवत नेऊन वजन किती घटते ते बघणे. इथे एक खाचखळगा आहे. हॅलॉयसाइटच्या रचनेतच हायड्रॉक्सिल गट असतात. ४०० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान ते पाणी होऊन निघून जातात आणि कोरड्या मातीचे वजन जवळपास १४ टक्के घटते. औषधही त्याच टप्प्यात जळत असेल तर दोन्ही घटी एकत्र दिसतात. रिकाम्या नळ्यांचा आलेख त्याच दिवशी, त्याच तापमानवाढीने काढून वजा केला नाही तर मातीचे पाणीच औषध म्हणून मोजले जाते. शिवाय एक्सआरडी, म्हणजे स्फटिकरचना दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख, जरूर काढा. पाणी धरून असलेल्या प्रकारात पदरांमधले अंतर १० ॲंगस्ट्रॉम असते, वाळलेल्यात ७. एकदा वाळवलेली नळी सहसा पूर्ववत होत नाही, त्यामुळे आपल्या हातात कोणता प्रकार आहे हे आधीच माहीत हवे. त्याच आलेखात क्वार्ट्झ, क्रिस्टोबॅलाइट यांसारखी भेसळही दिसते. स्फटिकरूप सिलिकाची धूळ श्वासातून जाणे घातक आहे, म्हणून कोरडी पूड उघड्यावर हाताळू नका.

आता मुख्य मुद्दा, शिरेतून देण्याचा.

रक्तात फिरणाऱ्या कोणत्याही नॅनोकणाला यकृत आणि प्लीहा यांचा चाळणीसारखा पहारा ओलांडावा लागतो. तिथल्या भक्षक पेशी परकी वस्तू उचलतात. एक मायक्रोमीटर लांबीची, ऋणभारित, कडक नळी त्यांच्या तावडीतून सुटणे कठीण. मूत्रपिंडातून साधारण सहा नॅनोमीटरपेक्षा मोठे काही गाळले जात नाही, त्यामुळे तो मार्गही बंद. लायपोसोम (स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्या) विरघळतात, पॉलिमरचे तुकडे होतात, सच्छिद्र सिलिकाही कालांतराने सिलिसिक आम्ल होऊन निघून जाते. हॅलॉयसाइट स्फटिकरूप ॲल्युमिनोसिलिकेट आहे. शरीराच्या उदासीन पीएचला ती जवळपास विरघळत नाही आणि तिला तोडणारे एन्झाइम आपल्याकडे नाही. जी आत गेली ती राहिली.

यात ॲल्युमिनियमचा हिशेब जोडा. हॅलॉयसाइटच्या वजनात सुमारे २१ टक्के ॲल्युमिनियम असते. डॉक्सोरुबिसिनचा प्रौढ माणसाचा एक डोस साधारण १०० मिलिग्रॅमच्या आसपास जातो. ५ टक्के लोडिंग धरले तर त्यासाठी २ ग्रॅम माती शिरेतून द्यावी लागेल, म्हणजे ४०० मिलिग्रॅमच्या वर ॲल्युमिनियम. शिरेतून पोषण घेणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जी सावधगिरीची मर्यादा मानली आहे ती दर किलो वजनामागे दिवसाला ५ मायक्रोग्रॅमची आहे. ६० किलोच्या माणसाला ३०० मायक्रोग्रॅम. दोन्ही आकड्यांत हजारपटीहून अधिक तफावत आहे. मातीतले ॲल्युमिनियम जाळीत घट्ट बांधलेले असते, विद्राव्य क्षारासारखे लगेच मोकळे होत नाही, हे खरे. पण भक्षक पेशींच्या आतल्या आम्लयुक्त पिशव्यांमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नळीचे काय होते याची हमी घेऊन कोणी माणसाला ती टोचणार नाही. शिरेतून देण्याचे एकही हॅलॉयसाइट औषध अजून मंजूर झालेले नाही, त्यामागे हे कारण आहे.

मग फोलेट जोडून काय होते? पेशींच्या डिशमध्ये खूप काही होते, कारण तिथे नळ्या पेशींच्या अंगावरच पडलेल्या असतात. शरीरात फोलेटचा उपयोग नळी गाठीपाशी पोहोचल्यानंतर. गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून नॅनोकण झिरपतात ही कल्पना मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली मांडली आणि तिच्यावर मोठे क्षेत्र उभे राहिले. पण २०१६ साली दहा वर्षांच्या शोधनिबंधांचा एकत्रित आढावा निघाला तेव्हा गाठीपर्यंत पोहोचलेल्या डोसचे मध्यक मूल्य (मीडियन) ०.७ टक्के निघाले. ते सर्व प्रकारच्या कणांचे होते, त्यांत हॅलॉयसाइटपेक्षा कितीतरी लहान आणि मऊ कणही होते. वर रक्तातली प्रथिने काही मिनिटांत कणावर थर चढवतात आणि आपण कष्टाने जोडलेले फोलेट त्याखाली झाकले जाते.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. शुद्ध पाण्यात या नळ्या छान तरंगतात, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागाच्या भाराचे माप) उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा त्याहून ऋण येते आणि सगळे खूश होतात. त्याच नळ्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये घाला आणि काचेची बाटली खिडकीपाशी धरून बघा. मीठ भारावर पडदा टाकते, नळ्या एकमेकींना चिकटतात आणि पांढरे पुंजके तळाशी बसायला लागतात. रक्तात मीठ असतेच. पीईजी किंवा कायटोसान या पॉलिमरचा लेप याला काही प्रमाणात आवर घालतो, पण ही चाचणी आधी करा. डीएलएसच्या (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचे माप काढणाऱ्या यंत्राच्या) एका आकड्यावर विसंबू नका, ते यंत्र प्रत्येक कण गोल समजून व्यास सांगते.

हे सगळे वाचून माती सोडून द्यावी असे वाटू देऊ नका. जिथे ती शोभते तिथे तिच्यासारखे स्वस्त, टिकाऊ आणि सोपे वाहक कमी आहेत.

पोटातून घ्यायचे औषध घ्या. केओलिन कुळातली माती माणूस पूर्वीपासून औषध म्हणून पोटात घेत आला आहे. मोठ्या आतड्याच्या सुजेवर मेसालझिन द्यायचे असेल तर ते जठरात आणि लहान आतड्यात वाया न जाता पुढे पोहोचायला हवे. नळीत औषध भरून वर युड्रॅजिट एस-१०० या पॉलिमरचा लेप दिला तर तो साधारण ७ पीएचच्या वर विरघळतो, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटाशी. मग नळी औषध हळूहळू सोडते आणि काम संपल्यावर माती मलावाटे बाहेर पडते. लक्ष्य साधले जाते आणि माती अंगात मुरत नाही. इथेही डोसचे भान हवे. उंदरांना ३० दिवस रोज तोंडाने हॅलॉयसाइट दिलेल्या अभ्यासात किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या मात्रेला यकृतात ॲल्युमिनियम साठून इजा झालेली दिसली. ५ मिलिग्रॅमच्या मात्रेला तसे झाले नाही. म्हणून लहान डोसात काम करणारे औषध निवडणे शहाणपणाचे.

हिरड्यांच्या आजारात दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत टेट्रासायक्लिनच्या नळ्या जेलमधून बसवता येतात. जखमेवरच्या कायटोसानच्या पातळ पडद्यात नळ्या मिसळल्या तर पडदा मजबूत होतो आणि जंतुनाशक टिकून सुटत राहते. हाडाच्या सिमेंटमध्येही तसेच. या तिन्ही ठिकाणी जागा आपल्या हाताने ठरते, औषध त्याच जागी लागते आणि रक्तात फारसे जात नाही. माझ्या मते लक्ष्यित उपचाराची व्याख्या इथे पूर्ण होते, भले त्यात फोलेट नसो.

रक्ताशी संबंध हवाच असेल तर मला फार आवडलेले एक काम सांगतो. कॉर्नेल विद्यापीठात मायकेल किंग यांच्या गटाने रक्त वाहू शकेल अशा बारीक नळीच्या आतल्या पृष्ठभागावर हॅलॉयसाइटचा खडबडीत थर दिला, त्यावर ई-सिलेक्टिन हे प्रथिन बसवले आणि वाहत्या रक्तातल्या कर्करोगाच्या पेशी त्यावर अडकवून दाखवल्या. माती एका जागी घट्ट बसली आहे आणि रक्त तिच्यावरून वाहते आहे. मातीच्या गुणांचा असा उलट्या बाजूने केलेला विचार मला मोलाचा वाटतो.

पेशीच्या आत औषध सोडण्यासाठी २०१५ सालचे कझान आणि लुइझियाना इथल्या गटांचे कामही वाचा. त्यांनी नळीची तोंडे डेक्सट्रिन या पिष्टापासूनच्या पदार्थाने बंद केली. पेशीतली एन्झाइम डेक्सट्रिन तोडतात आणि मगच आतला ब्रिलियंट ग्रीन हा पेशींना मारक रंग बाहेर पडतो. जोमाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींत ते अधिक परिणामकारक ठरले. तोंडाला बूच बसवण्याची ही युक्ती शिकण्यासारखी आहे, कारण उघड्या नळीतून बरेचसे औषध पहिल्या काही तासांतच निसटते.

औषध सुटण्याच्या (रिलीजच्या) प्रयोगाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. डायलिसिसच्या पिशवीत नळ्या ठेवून बाहेरच्या बफरमधले औषध मोजतात. पिशवीही औषधाला अडवते. म्हणून नुसते औषध, औषध आणि माती यांचे साधे मिश्रण, आणि भरलेल्या नळ्या हे तिन्ही एकाच दिवशी, एकाच पिशवीच्या लांबीत लावा. चौथा नमुना केओलिनाइटचा. रसायन तेच, पोकळी नाही. केओलिनाइटवर चढवलेले औषध आणि हॅलॉयसाइटमध्ये भरलेले औषध सारख्याच वेगाने सुटत असेल तर नळीच्या पोकळीचे त्यात काही कर्तृत्व नाही. एवढा एक नमुना ठेवला तर परीक्षकाचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात, तरीही तो फार थोड्या प्रबंधांत दिसतो.

हळदीतले कर्क्युमिन निवडणाऱ्यांसाठी खास सूचना. उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी फॉस्फेट बफरमध्ये मोकळे कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतांशी विघटित होते. त्यामुळे आलेख सपाट झाला म्हणजे औषध सुटायचे थांबले असे नाही, सुटलेले औषध नष्ट होत असते. माध्यमात सर्फॅक्टंट किंवा सीरम घाला आणि मोकळे कर्क्युमिन त्याच माध्यमात किती टिकते ते बाजूला मोजत राहा.

पेशींवरच्या प्रयोगात माती एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या चाचणीचा जांभळा रंग स्वतःकडे ओढू शकते, म्हणून पेशींशिवाय नुसती माती आणि रंग असा नमुना ठेवा. नळ्या जड असल्याने तळाशी बसतात आणि पेशींना मिळणारी मात्रा कागदावरच्या मात्रेपेक्षा जास्त होते. माती खाणीतून येते, तिच्यावर जिवाणूंचे एंडोटॉक्सिन (दाह निर्माण करणारा विषारी अंश) असू शकते. सुदैवाने रिकामी नळी २५० अंश सेल्सियसला कोरड्या उष्णतेने निर्मळ करता येते, रचना त्याला टिकते. हे औषध भरण्याआधी करायचे असते.

मार्गदर्शकांनी डॉक्सोरुबिसिनचाच आग्रह धरला तर शीर सोडा आणि शस्त्रक्रियेनंतर गाठीच्या रिकाम्या जागेत ठेवायच्या जेलचा विचार मांडा. याला आधार आहे. मेंदूच्या गाठी काढल्यावर तिथेच ठेवायच्या कारमुस्टिनच्या चकत्यांना १९९६ साली एफडीएने मान्यता दिली होती. त्या चकत्यांचा पॉलिमर शरीरात विरघळतो आणि तुमची माती तिथेच राहील, म्हणून ती जेलमधून सुटून आजूबाजूच्या ऊतीत शिरते का हे ॲल्युमिनियम मोजून तपासा. डॉक्सोरुबिसिन बाहेरच्या अंगाला बसते ही गोष्ट इथे अडचणीची राहत नाही. जेल आणि मातीचा ऋणभार मिळून ते धरून ठेवतात, आणि डॉक्सोरुबिसिनचा ॲल्युमिनाच्या भिंतीशी संबंध जवळपास येत नसल्याने केओलिनाइटचा नमुना इथे आणखी महत्त्वाचा ठरतो. पहिल्या महिन्यात एवढेच करा: हातातल्या मालाचा एक्सआरडी आणि टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रे), बफर सलाइनमध्ये नळ्या किती वेळ तरंगतात याची नोंद, आणि भरलेल्या नळ्या सलग पाच वेळा धुऊन प्रत्येक धुण्यात किती डॉक्सोरुबिसिन निघते त्याचा तक्ता. पाचव्या धुण्यानंतर जे अंगावर टिकले, त्याच आकड्यावर पुढचा डोस बेता.